पेटीवाल्याचं सुतक

माझ्या चक्कीच्या दाराला एक काळी पाटी टांगलेली आहे. तिच्यावर मी खडूने रोज काही ना काही लिहिते. "आज हळद दळणार नाही." "डबा ओळखून न्यावा, नंतर भांडू नये." "लाइन गेली आहे, कधी येईल ते मला विचारू नये." इतक्या वर्षांत या पाटीवर मी एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. त्या सोमवारी लिहिलं तेही खरंच होतं: "दुःखद निधनामुळे चक्की आज बंद राहील." निधन कोणाचं, हे लिहायला पाटीवर जागा उरली नाही असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. जागा भरपूर होती.

गेला होता तो अमेरिकेतला एक म्हातारा वाजवणारा. माझा ना नात्याचा ना गोत्याचा. त्याने आमच्या पुसदचं नाव जन्मात ऐकलं नसेल, आणि मला त्याचं नाव कळायला तीस वर्षं लागली. तोवर आम्ही त्याला पेटीवाला म्हणत होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ. सबंध जिल्ह्यात त्याचे चाहते आम्ही दोघंच, असा माझा समज आहे. तिसरा कोणी असेल तर त्याने चक्कीवर यावं, त्याचं दळण मी नंबर सोडून आधी लावीन.

दादा मास्तरकीचं शिकायला नागपूरला होता तेव्हाची गोष्ट. फुटपाथवरच्या कॅसेटवाल्याकडे त्याने पेटीवादन मागितलं. दादाला तेव्हा आपण शास्त्रीय संगीतातले आहोत असं वाटत असे. त्या माणसाने ढिगातून एक कॅसेट काढून दिली. वर कागद नाही, नाव नाही, नुसती काळी कॅसेट. घरी महागावला आणून लावली तर आतून जे निघालं त्याला पेटी म्हणावं की आणखी काय, ते आम्हाला कळेना. पेटीच होती, पण विजेवरची, आणि वाजवणारा तिला गुदगुल्या करत असावा. खालून एक जाड तार डुग् डुग् करत चालायची, मागे ढोल आणि थाळ्या. बाबांनी पाच मिनिटं ऐकून विचारलं, "याची पेटी बिगडली हाय का?" दादा म्हणाला, हे शास्त्रीयच आहे, फक्त दुसऱ्या देशातलं. त्याला जॅझ-फंक म्हणतात हे आम्हाला फार पुढे कळलं, आणि कळून काही फरक पडला नाही.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांची पिठाची चक्की होती. तिच्या पट्ट्याला एक सांधा होता. तो सांधा पुलीवरून गेला की टक् वाजायचं. दिवसभर टक्, टक्, टक्. पेटीवाल्याचं दुसरं गाणं त्या टक्‌वर असं बसलं की मला आधी वाटलं, तो आमच्याच चक्कीत बसून वाजवतो आहे. मी अकरावीत होते, शाळेतून आले की चक्कीवर बसायचं माझं काम. चक्कीच्या वरच्या चाडीत ओतलेले दाणे खाली सरकावे म्हणून तिच्यावर काठीने ठोकावं लागतं. मी ते पेटीवाल्याच्या तालात ठोकायला लागले. महागावच्या अर्ध्या वस्तीने त्या वर्षांत जॅझ-फंकच्या भाकरी खाल्ल्या आहेत आणि कोणाचं पोट दुखल्याचं माझ्या कानावर नाही.

मग एका दुपारी टेपने कॅसेटची पट्टी गिळली. दादाचं म्हणणं, माझ्या हाताचं पीठ आत गेलं म्हणून. माझं म्हणणं, तो उठसूट पेन्सिल घालून कॅसेट उलटी फिरवायचा, त्यानेच ती सैल पडली. ते काही असो, बाहेर काढली तेव्हा चार बोटं लांबीचा तुकडा पार चुरगळला होता. दादाने कात्री घेतली. बाबा चक्कीचा तुटका पट्टा सांधायचे तसाच त्याने तो सांधला: खराब तुकडा काढून टाकला, दोन्ही टोकं तिरपी कापली आणि वरून चिकटपट्टी. लावून पाहिलं तर गाणं चालू होतं. फक्त दुसरं गाणं सुरू झाल्यावर थोड्या वेळाने एके ठिकाणी ते उडी मारायचं. रस्त्यात खड्डा दिसल्यावर सायकलवाला हँडल झटकन वळवतो, तसं.

त्या उडीवर आम्ही मोठे झालो. ती यायच्या आधी दोघांचीही मान खाली जायची आणि ती आली की वर. माझं लग्न होऊन मी पुसदला आले, तर दादाने रुखवतातल्या करंज्यांच्या डब्यात ती कॅसेट ठेवली होती. मला म्हणाला, "तू घेऊन जाय. मले तोंडपाठ हाय." मी पुसदला येऊन वर्षभरात नवऱ्याला चक्की टाकायला लावली. त्याला वाटलं बायको कामाची आहे. खरं कारण असं की टक् टक् ऐकल्याशिवाय मला करमत नव्हतं.

इथवर सगळं गोड आहे. बिघडवलं ते माझ्या मुलीने, आणि तेही चांगल्या हेतूने. ती पुण्याला नोकरीला, साखरपुड्यासाठी घरी आली होती. दादा-वहिनी आदल्या दिवशीच आले होते. मी टेप लावली, तर पोरीने मोबाइल टेपजवळ धरला आणि क्षणात पेटीवाल्याचं नाव, गाव आणि फोटो काढून दिला. तीस वर्षांनी तोंड दिसलं! टक्कल, मोठे डोळे, शर्टावर पोपट. दादा म्हणाला, "हा तं आपल्या मोठ्या मामासारखा दिसते." आणि होताच तसा. फक्त आमच्या मामाने पोपटाचा शर्ट घातला नसता.

मग पोरीने मूळ गाणं लावलं. आम्ही दोघं मान खाली घालून उडीची वाट पाहत बसलो. उडी आली नाही. तिथे पेटी जराशी थांबते, नुसता ढोल चालू राहतो, आणि कोणीतरी हसतं. वाजवता वाजवता त्यालाच मजा वाटली असावी. दीड सेकंदाचं हसणं, की पुन्हा पेटी.

दादाचा चेहरा उतरला. "तीस वर्षं थो हासून राह्यलता," तो म्हणाला, "अन् तुह्या पिठापायी आपल्याले ऐकू नाही आलं."

"माह्या पिठापायी? पेन्सिल कोणाची होती?"

तिथून ते सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर पंगतीत फुटलं. मी म्हणून बसले की मला आपली उडीच आवडते. पेटीवाला तिथे हसला ती त्याची चूक, आपलं बरोबर आहे. दादाने सगळी हयात प्राथमिक शाळेत काढली. निवृत्त झाला तो पगारापुरता, लग्नपत्रिका हातात आली की अजून आधी लाल पेन शोधतो. मूळ चूक आणि नक्कल बरोबर, हे त्याच्या तोंडावर कोणी म्हणालं नव्हतं. त्याच्या पानात पुरी पडलेली होती. तो तसाच उठला, चप्पल घातली आणि वहिनीला घेऊन निघून गेला.

आमच्याकडे भांडण कितीही मोठं होवो, माणूस जेवून गेला तर ते कोणी मनात धरत नाही. न जेवता गेला की मात्र संपलं. दादा माझ्या घरून भरल्या पानावरून उठून गेला होता. नवऱ्याने दोनदा समजूत घालायचा प्रयत्न केला, तर दादाने त्याच्याशीही बोलणं सोडलं. सहा वर्षं मी राखी पाठवली नाही आणि त्याने विचारलं नाही. भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. माझा भाऊ तासाभराच्या रस्त्यावर धडधाकट असताना मी सहा वर्षं चंद्राला ओवाळलं. चंद्र काही बोलत नाही, एवढाच त्याचा फायदा.

आणखी एक सांगायचं राहिलं. दुपारी चक्कीवर कोणी नसलं की मी मोबाइलवर ते मूळ गाणं लावत असे आणि हसण्यापाशी येऊन परत मागे जात असे. हे दादाला कळायची काही गरज नव्हती.

तर त्या सोमवारी सकाळी मुलीचा मेसेज आला: "आई, तुझा पेटीवाला गेला." खाली बातमी होती. खूप वय झालं होतं, झोपेतच गेला, मागच्या वर्षापर्यंत वाजवत होता. मी ज्वारी दळत होते. तशीच गोणीवर बसले आणि रडायला लागले. तोंडावर पीठ, त्यावरून पाण्याचे ओघळ. दळण घेऊन आलेली बाई घाबरली. "काहून रडून राह्यली वं माय?" मी चक्की बंद केली, तिची अर्धी ज्वारी तिला परत दिली आणि खडू हातात घेतला.

आता खरं बोलते. ती पाटी लिहिण्याचं निम्मं कारण दुःख होतं. त्या दिवशी मला टक् टक् ऐकवली नसती. निम्मं कारण असं की महागावला जाणाऱ्या काळीपिवळ्या जीपगाड्या माझ्या चक्कीसमोरून सुटतात. माझी पाटी वाचल्याशिवाय ते ड्रायव्हर गाडी चालू करत नाहीत. मयताची बातमी कळल्यावर वैऱ्यालाही भेटीला यावंच लागतं. त्यासाठी आमंत्रण नसतं, आपण होऊन यायचं, बसायचं, दोन घास खाऊन उठायचं. मला फोन करायचा नव्हता. आमच्या घरात आधी फोन करणारा हरतो. दादाला पेटीवाल्याची बातमी कळलीच असेल, पाटीचं कानावर गेलं की तो बरोबर अर्थ लावेल आणि येईल, असा माझा हिशेब होता. नाही आला तर मग तो कधीच येणार नव्हता, आणि ते मला त्या दिवशी कळून घ्यायचं होतं.

पहिल्या आल्या शेजारच्या काकू. आमच्या गल्लीतल्या बारशापासून तेरवीपर्यंतच्या सगळ्या कायद्यांचं कामकाज काकूंकडे चालतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्या टोपलंभर भाकरी आणि पातेलंभर झुणका घेऊनच आल्या.

"कोण गेलं वं?"

मी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. अमेरिका, पेटी, कॅसेट. काकूंनी ऐकून घेतलं.

"नात्यात नाही?"

"नाही."

"जातीत?"

"काकू, थो अमेरिकेतला होता."

"मंग सुतक किती धरतं?"

याचा मी विचार केला नव्हता. तोवर आणखी चार बायका जमल्या. एक म्हणाली, वाजवणाऱ्याचं सुतक नसतं. दुसरी म्हणाली, नुसती आंघोळ केली की झालं. काकूंनी सगळ्यांना गप्प केलं. "किती वर्षं होता तुह्या घरात?"

"माहेरचं धरलं तं पस्तीसच्या वर."

"एवढे वर्षं तं माहा सासराही नाही टिकला," काकू म्हणाल्या. "तीन दिवस धर. कंगवा नको लावू." निकाल लागला. बायका सतरंजीवर बसल्या. एकीने पेटीवाल्याला मुलंबाळं किती विचारलं, एकीने तो भजनं वाजवायचा का विचारलं, आणि पोपटाचा शर्ट पाहून एकजण म्हणाली की दिसायला तर आपल्यातलाच वाटतो.

माझा नवरा या सगळ्यात कुठे होता? झोपला होता. एरवी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो चक्कीबाहेर लाल खुर्ची टाकून बसतो आणि प्रत्येक काळीपिवळीच्या ड्रायव्हरला हात करतो. त्यालाच तो चक्की चालवणं म्हणतो. त्या दिवशी चक्की बंद म्हटल्यावर त्याने आतल्या खोलीत कूलर लावला आणि आडवा झाला. मी दार झाडताना त्याची खुर्ची दाराबाहेरच्या टेबलावर उलटी घालून ठेवली. यात मला काही वावगं वाटलं नाही.

बाराच्या सुमाराला वहिनीचा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी उचलला नाही. म्हटलं फोनवर नाही, यायचं तर समोर या. तीनदा वाजला, तीनदा मी नुसतं पाहत राहिले. एवढा माझा ताठा आहे.

दोनच्या आसपास गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. साधासुधा नाही, सूर लावून. मी दारात आले तर एक टेम्पो उभा होता आणि त्यातून महागावची माणसं उतरत होती. दोन चुलते, चुलत्या, चुलतभाऊ, कोणकोण. पुढे वहिनी, पदर तोंडाला. आणि शेवटी दादा. केस सगळे पांढरे झाले होते. खांद्यावर एक घडी घातलेलं पांढरं कापड, डोळे लाल.

एकटा येईल की नाही याची मला धास्ती, आणि हा पेटीवाल्यासाठी अख्खं खानदान घेऊन आला! गल्लीतल्या बायकाही पाहत राहिल्या. काकू मला म्हणाल्या, "लय माणसं जोडले वं तुह्या पेटीवाल्यानं."

वहिनीने मला मिठी मारली. "अवं बाई, असं कसं वं झालं!"

"झोपीतच गेले म्हणतात वहिनी," मी रडत रडत म्हणाले. "काही तरास नाही झाला."

"कवा कळलं वं तुले?"

"सकाळी. पोरीनं कळवलं."

"पोरीनं?" वहिनीने पदर तोंडावरून बाजूला केला. "तिले पुण्याले आधी कळलं?" मग तिने ते सोडून दिलं आणि पुढचा सूर लावला. "कधी कोणाले दुखवलं नाही वं त्यायनं! मले कधी उलटून बोलले नाही!"

हे मला जरा जास्त वाटलं, कारण पेटीवाल्याचं गाणं लागलं की वहिनी उठून बाहेर जायची. पण मेलेल्याबद्दल माणूस चांगलंच बोलतं. मी म्हटलं, हो.

"माह्या हातचा वांग्याचा रस्सा केवढा आवडे त्यायले!"

मी रडायची थांबले. पेटीवाला आणि वहिनीच्या हातचा रस्सा यांचा मेळ मला काही केल्या लागेना. एवढ्यात आतलं दार उघडलं आणि माझा नवरा बनियन-लुंगीवर, पोट खाजवत, अर्धवट झोपेत बाहेर आला.

"एवढी गर्दी काहून?" तो म्हणाला. "कोण गेलं?"

वहिनीने अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. एक चुलती मटकन खाली बसली. आणि गंमत म्हणजे मागच्या दोघीतिघींचं रडणं त्यानंतरही थोडा वेळ चालूच राहिलं. बटण बंद केल्यावरही चक्कीचा दगड काही वेळ फिरतो, तसं.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. काळीपिवळीचा एक ड्रायव्हर दादाच्याच गल्लीत राहतो. त्याने पाटी वाचली. मग रोज हात करणारा माणूस जाग्यावर नाही हे पाहिलं. मग टेबलावर उलटी घातलेली लाल खुर्ची पाहिली. महागावला पोचेपर्यंत त्याच्या मनात काही शंका राहिली नव्हती. वहिनीने खात्री करायला फोन लावले ते मी उचलले नाहीत. कपाळ फुटलेली बाई फोन कसा उचलेल, असं म्हणून त्यांनी टेम्पो सांगितला.

दादा पुढे आला. माझ्या नवऱ्याचे दोन्ही हात धरले, मग दंड दाबून पाहिले. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं मला दिसलं.

"जवाई," तो म्हणाला, "तुम्ही हाय."

"होये," नवरा म्हणाला. सहा वर्षांत त्यांचं हे पहिलं बोलणं. मग त्याचं लक्ष दादाच्या खांद्याकडे गेलं. "हे माह्यासाठी आणलं का?" त्याने कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "चांगलं हाय."

एवढ्यावर सगळे हसले असते. पण दादाचा पारा चढायला लागला होता, आणि तो का चढतो हे मला कळत होतं. तासभर तो माणूस टेम्पोत मेलेल्या मेव्हण्याच्या आणि विधवा बहिणीच्या विचारात बसून आला होता. सहा वर्षं आपण बोललो नाही, आता मेल्यावर जातो आहे, हे त्याला खात आलं असणार. आणि इथे पाहतो तर बायका सतरंजीवर बसून पोपटाचा शर्ट पाहत आहेत.

"आमची टिंगल केली का?" त्याने पाटीकडे बोट दाखवलं. "मयताच्या नावानं कोणी खोटं लिहिते का? लाज नाही वाटत?" मग चुलत्यांकडे वळून, "चला, बसा टेम्पोत. पाणीही नका पिऊ इथचं."

मी घाबरले. खरंच घाबरले. दुसऱ्यांदा न जेवता गेला तर यापुढे आमच्यापैकी एकाच्या खऱ्या मयतीलाच भेट, आणि ती गेलेल्याला कुठून कळणार. त्याने टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवला.

"खोटं नाही लिहिलं, दादा," मी म्हणाले. "पेटीवाला गेला."

त्याला माहीत नव्हतं. मी धरूनच चालले होते की त्याला कळलं असेल, आणि त्याला काहीही माहीत नव्हतं. तो पायरीवर पाय ठेवून तसाच उभा राहिला. चुलता म्हणाला, "कोणता पेटीवाला बाप्पा? भजनी मंडळातला का?" दादाने पाय खाली घेतला, चालत आला आणि चक्कीच्या उंबऱ्यावर, पिठातच, बसला.

"कवा?" त्याने विचारलं.

"झोपीत गेला. मागच्या वर्षालोक वाजवत होता म्हणते."

मग तो रडला. मास्तर माणूस, चष्मा काढून, हमसून हमसून. मीही त्याच्या बाजूला पिठात बसले. महागावची माणसं रडायच्या तयारीने आलेली आणि मधेच अडकलेली होती, त्यांना वाट मिळाली. कोण गेलं हे न कळताही चुलत्यांनी पुन्हा सूर लावला. मोठा चुलता काकूंना म्हणाला की बापाच्या मयतीला हा एवढा नव्हता रडला.

माझा नवरा वहिनीजवळ सरकला. "टेम्पोत माह्यासाठी एवढा रडलता का?" त्याने हळूच विचारलं.

वहिनी खोटं बोलत नाही. "एवढा नाही," ती म्हणाली. नवरा आत जाऊन शर्ट घालून आला.

काकूंनी ताटं मांडली. भेटीला आलेला माणूस घास न खाता उठला तर मेलेल्या माणसाला दोष लागतो, हा कायदा त्यांनी सगळ्यांना ऐकवला आणि भाकरी वाढल्या. सगळे बसले. दादाही बसला, पण हात मांडीवर. समोर भाकरी, झुणका, कांदा. मी समोर उभी राहून त्याच्या हाताकडे पाहत होते. तो म्हणाला, "मले भूक नाही."

त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन वाजला.

दुसरं गाणं. डुग् डुग् डुग्, वरून पेटी. मला वाटलं, मूळच असणार, मोबाइलवरून घेतलेलं, शुद्ध. दादाचा फोन कुडत्याच्या आतल्या खिशात अडकला आणि लवकर निघेना. ते वाजतच राहिलं. ती जागा जवळ आली. माझी मान आपोआप खाली गेली.

आणि फोनने उडी मारली.

मी वर पाहिलं तेव्हा दादाची मानही वर येत होती. आमची नजरानजर झाली. त्याने फोन काढून कानाला लावला. पलीकडून महागावचा कोणीतरी मोठ्याने विचारत होता, माती किती वाजता ठेवली, आम्ही निघतो. दादा म्हणाला, "नका येऊ. झाली. तिकडंच झाली." आणि बंद केला.

"हे कुठून आणलं?" मी विचारलं. कॅसेट तर माझ्याकडे होती.

"मोबाइलच्या दुकानातून कापून घेतलं," तो ताटाकडे पाहत म्हणाला. "चार वेळा कापलं त्यानं. बरोबर बसेच ना."

"अन् थे हासणं?"

"आपल्यात नव्हतंच थे."

सहा वर्षं मी चक्कीवर चोरून ते हसणं ऐकत होते आणि हा महागावला बसून माझी उडी कापून घेत होता. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याला दोन लगावाव्याशाही वाटल्या. यातलं मी काहीच केलं नाही. मी म्हणाले, "झुणका काकूंचा हाय, मी नाही केला. खाऊन पाह्य."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. डाव्या हाताचं बोट ताटाच्या काठावर टक् टक् वाजत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं. एक भाकर संपली. मी दुसरी अर्धी त्याच्या ताटात टाकली, आणि तो नको म्हणाला नाही.